भाव कळला, पुढे काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक कापसाच्या खरेदीसाठी बोलावली आहे. अशा बैठकीत आम्ही उभे राहून इंटरनेटबद्दल बोलायला लागलो तर मागच्या रांगेतले काहीजण तंबाखू मळायला घेतील. खुशाल मळा, पण कान इकडे असू द्या. या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

२८ डिसेंबर २०१५ रोजी टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी वर्तमानपत्रात एक लेख आला. लिहिणारे फेसबुक कंपनीचे मालक मार्क झुकरबर्ग. लेखात त्यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. या शेतकऱ्याला कंपनीची 'फ्री बेसिक्स' नावाची फुकट सेवा मिळाली. त्याने तिच्यावर पावसापाण्याची माहिती पाहिली, बाजारभाव पाहिले, त्यामुळे सौदा चांगला जमू लागला आणि आता तो नव्या पिकांत, जनावरांत पैसा घालतो आहे. शरद जोशींना जाऊन तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते. त्यांनी आयुष्यभर शेतमालाच्या भावाचे गणित मांडले, आणि इकडे एका लेखात ते चार ओळींत सुटले!

त्या शेतकऱ्याशी आमचे काही भांडण नाही. त्याचा फायदा झालाही असेल, आनंद आहे. आमचा प्रश्न एवढाच की भाव पाहिल्याने भाव मिळतो तो कोणत्या बाजारात? कारण भाव कळणे ही आमची अडचण कधी नव्हती. यवतमाळात काय चालले आहे हे आम्हाला एसटीच्या कंडक्टरकडून कळायचे, आदिलाबादला काय चालले आहे हे पाहुण्यांकडून कळायचे. कळून आम्ही काय करत होतो, ते जुन्या लोकांना विचारा. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. हद्दीपलीकडे जास्त भाव असेल तर तो कळायचा. पण कापूस तिकडे नेला तर आपल्याच घरचा माल आपण चोरून नेतो आहोत असा गुन्हा व्हायचा. त्या काळात प्रत्येकाच्या खिशात आजचा फोन असता तरी काय झाले असते? आपण किती लुटले जातो आहोत हे रोज सकाळी आकड्यांत दिसले असते, एवढेच.

फ्री बेसिक्सचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. तो पुरा इंटरनेट नव्हता. कंपनीच्या अटी मान्य करणाऱ्या मोजक्याच ठिकाणी फुकट जाता येई, बाकीच्या ठिकाणी पैसे. म्हणजे आठवडी बाजाराच्या वेशीवर कोणी उभे राहावे आणि म्हणावे, या चार दुकानांत जाणार असाल तर आत येणे फुकट. ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, असे वेगवेगळे दर लावायला मनाई केली आणि ती सेवा इथे बंद पडली. आमच्या मते बरे झाले. भीक नको म्हणणाऱ्या चळवळीने फुकटच्या वेशीतून आत जायचे कशाला? पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, दर कोसळले, आणि हा इंटरनेट आपल्या खिशात आला तो धर्मादायाने नव्हे, कंपन्यांच्या चढाओढीने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भाव कळल्याने खरोखर फायदा कुठे झाला ते पाहू. झाला आहे, नाही असे नाही.

केरळच्या उत्तरेला कासरगोड, कन्नूर आणि कोळिकोड हे किनाऱ्यावरचे जिल्हे. तिथे तारली मासा पकडतात. जानेवारी १९९७ मधल्या एका सकाळी वडकरा बंदरावर अकरा होड्यांना गिऱ्हाईक नव्हते, मासळी समुद्रात टाकून द्यायची वेळ आली होती. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या दोन बंदरांवर सत्तावीस खरेदीदार मासळी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हाताने परतायला निघाले होते. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने ही नोंद केली आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाईल फोन आला. इंटरनेट नव्हे, साधा बोलायचा फोन. किनाऱ्यावरच्या मनोऱ्याची रेंज समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटर जायची. कोळी होडीतूनच विचारू लागले, आज कुठे गिऱ्हाईक आहे? आणि तिकडे होडी वळवू लागले. मासळी फेकणे थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. दोघांचेही भले झाले आणि सरकारचा रुपया खर्ची पडला नाही.

आता आपल्याकडे या. २००७ साली रॉयटर्स या कंपनीने महाराष्ट्रात शेतकऱ्यांना फोनवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला पाठवायला सुरुवात केली. फाफशाँ आणि मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या राज्यातली शंभर गावे निवडली. काही शेतकऱ्यांना वर्षभर ही सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांना काय भाव मिळाला हे ताडून पाहिले. २०१२ ला निष्कर्ष छापला: मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही. तीच खबर, तसलाच फोन. केरळात आठ टक्के आणि इथे शून्य.

असे का झाले, याचे आमच्या परीने आम्ही दिलेले उत्तर ऐका. कोळ्याची होडी समुद्रात मोकळी असते. तिला डावीकडे वळवले काय, उजवीकडे वळवले काय, डिझेलचाच काय तो फरक. आपली गाडी तशी वळत नाही. पेरणीला ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्या दाराशी ती जाते. वेचणीची मजुरी रोखीने द्यायची असते, म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. घरात कापूस ठेवावा तर आगीची भीती आणि अंगाला खाज. ज्याला थांबता येत नाही आणि वळता येत नाही, त्याला भाव कळून उपयोग काय? इंटरनेट गावात आणणाऱ्या शहाण्या माणसांच्या ध्यानात हीच गोष्ट येत नाही. ते तार मोजतात, मनोरे मोजतात, फोन मोजतात.

पण वाट उघडली तर काय होते तेही पाहा. मध्य प्रदेशात २००० साली आयटीसी कंपनीने सोयाबीनच्या पट्ट्यात ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला. उद्या कंपनी कोणत्या भावाने घेणार तो भाव आदल्या दिवशी त्याच्यावर दिसे. पटला तर माल कंपनीच्या केंद्रावर न्या, तिथे इलेक्ट्रॉनिक काटा; नाही पटला तर मंडीत न्या. आता यातली मेख ऐका. मंडीच्या आवाराबाहेर खरेदी करायची परवानगी सरकारने दिली, म्हणून हे झाले. नुसता संगणक ठेवून झाले नसते. अपर्णा गोयल यांनी याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये आला. ज्या भागात असे संगणक बसले, तिथल्या मंडीतलाच भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला. म्हणजे ज्याने कंपनीचे तोंड पाहिले नाही आणि नेहमीप्रमाणे मंडीत माल घातला, त्यालाही चार पैसे जास्त मिळाले, कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला आता माहीत होते की समोरच्याला दुसरे दार आहे. एक ते तीन टक्के म्हणजे काही राज्य मिळाले नाही. आयटीसी काही आपली सोयरी नव्हे, तिला सोयाबीन हवे होते. पण दुसरा खरेदीदार आला की पहिला सरळ वागतो, हे एवढ्यावरून दिसते.

वारणेची गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांत आवडते, कारण तिची दोन्ही टोके आपल्याच राज्यात आहेत. १९९८ ला केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणानगरचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांसाठी संगणकाची योजना आणली. जगभरचे बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी दाखले, सगळे गावातल्या एका खोलीत मिळणार. भाषणे झाली, फोटो निघाले. काही वर्षांनी बंगलोरच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेतले लोक तिथे गेले. संगणक चालू होते, पण बहुतेक एकाच कामाला: कोणाचा किती ऊस गेला, वजन किती भरले, खत किती उचलले, पैसे किती निघतात. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवून पाहिला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उत्तरात आपले वजन आणि हिशेब यायचा. आठ महिने चालले आणि लोकांना ते संगणकापेक्षा बरे वाटले, कारण खोली उघडायची वाट पाहावी लागत नव्हती.

यावर हसू नका. उसाचा खरेदीदार ठरलेला, भाव ठरलेला. त्या शेतकऱ्याला जगाचे भाव कशाला हवेत? त्याचा जीव वजनात आणि हिशेबात अडकलेला. त्याला लागणारी खबर त्याने बरोबर उचलली आणि बाकीची सोडून दिली. त्याच प्रयोगशाळेतले केंतारो तोयामा पुढे लिहू लागले की यंत्र नवे बळ आणत नाही, असलेले बळ मोठे करून दाखवते. आम्ही आमच्या भाषेत म्हणू की उताराच्या बाजूला पाणी धावते; चर खणला म्हणून ते चढावर जात नाही.

मग कापूसवाल्याचा जीव कशात अडकला आहे? आमचे म्हणणे असे की तो जिनिंगच्या हिशेबात अडकला आहे. आपल्याला कापसाचा भाव सांगतात. व्यापारी मात्र कापूस विकत नाही. तो रुई विकतो आणि सरकी विकतो. रुईचा भाव खंडीला बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. सरकी क्विंटलला. हे दोन आकडे आणि उतारा हातात असला की पोरगेही गणित करू शकते. समजा खंडी ५५ हजारांना आहे. म्हणजे रुई किलोला साधारण १५४ रुपये. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई धरा, झाले ५,२५० च्या आसपास. सरकी ६४ किलो, क्विंटलला साडेतीन हजार धरली तर २,२४०. दोन किलो घट सोडली. बेरीज साडेसात हजारांच्या घरात. यातून जिनिंगचा, गाठी बांधायचा, गाडीभाड्याचा खर्च वजा करा, त्याचा नफाही करा. आम्ही काही त्याने फुकट राबावे म्हणत नाही. जो आकडा उरेल तो तुमच्या कापसाचा त्या दिवशीचा भाव. हे आकडे आम्ही नमुन्याला घेतले आहेत, रोजचे तुम्ही घाला. उताऱ्यात एक किलोचा फरक पडला तर क्विंटलमागे शंभर-सव्वाशे रुपये इकडचे तिकडे होतात, हे मात्र नमुन्याचे नाही. 'यंदा उतारा कमी आहे' हे वाक्य किती वर्षे ऐकतो आहोत आपण? कोणी कागद दाखवला?

खंडीचा भाव फोनवर मिळतो. तो पाहणारा आपल्यात एखादाच, बाकीचे त्या फोनवर दुसरेच काय काय पाहतात. इथे दोष ना कंपनीचा ना सरकारचा. आपला आहे.

आता दुसरी बाजू. खबर एकाच दिशेने वाहत नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. बातमी आपल्या फोनवर तासाभरात आली. आपल्या हातात काय होते? झाडाला बोंड लागलेले, पेरणी होऊन गेलेली. गिरणीवाल्याच्या फोनवरही तीच बातमी तेवढ्याच वेगात आली. त्याने मात्र लगेच हिशेब केला आणि आपली मागणी पुढे ढकलली. एकाच खबरीचे असे दोन भाव असतात.

त्याच हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० जाहीर झाला, आणि तो घ्यायचा तर सीसीआयच्या 'कपास किसान' या ॲपवर आधी नोंदणी करायची, माल नेण्याचा दिवसही फोनवरच ठरवायचा, असा नियम आला. रांग टळावी, व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या नावावर घुसू नये, असा हेतू सांगितला. हेतूला आम्ही नावे ठेवत नाही. केंद्रावर बैलगाडीत तीन-तीन रात्री आम्हीही काढल्या आहेत. पण काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला. तो कामावर असताना इकडे आकडा मागायचा, त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगायचा, तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली. सातबारा बापाच्या नावावर, बाप वारलेला. वेचणी केली बाईने, फोन नवऱ्याच्या खिशात. नोंदणीची मुदत वाढवावी लागली, यातच काय ते आले. आणि एवढे करून माल नेला तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून परत. ओलावा मोजायचे यंत्र केंद्रावर असते, आपल्या अंगणात नसते. ज्या खबरीने गाडीभाडे वाचले असते ती खबर तेवढी आपल्याकडे नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली तेव्हाही असेच झाले. पीकपेरा लिहिणे तलाठ्याचे काम होते, पगार त्याला होता. आता बांधावर उभे राहून फोटो आपण काढायचा. काम आपल्याकडे आले, पगार तिकडेच राहिला. रेंज नाही आली तर पीक नाही! उभ्या ज्वारीत उभे राहून माणूस आकाशाकडे फोन धरतो आहे, हे आम्ही पाहिले आहे. ज्वारीवरून आठवले, ज्वारीचा निम्मा जीव कडब्यात. दाण्याचा भाव फोनवर येतो, शेकडा कडब्याचा भाव कुठल्या फोनवर येतो? आम्ही तरी पाहिला नाही. वैरणीचा भाव कोणाला लागतो, तर कोरडवाहूवाल्याला. आणि ॲप बनवणाऱ्याने गोठा पाहिलेला नसतो.

तर मग या इंटरनेटला नको म्हणायचे काय? मुळीच नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी ही चळवळ आहे. नव्या बियाण्याला हो म्हणणाऱ्यांनी फोनला नाही म्हणायचे कारण नाही. पुदुच्चेरीजवळच्या गावांत १९९८ पासून डॉ. स्वामीनाथन यांच्या संस्थेने माहिती केंद्रे काढली. अट एकच, जागा अशी हवी की जिथे दलितांना आणि बायांना मज्जाव नाही. वीरमपट्टिणम या कोळ्यांच्या गावात समुद्रात लाटा किती उंच असतील हे इंटरनेटवरून रोज काढून घेत आणि गावात भोंग्यावर सांगत. म्हणजे संगणक एक, ऐकणारे सगळे गाव. वाचता येण्याची अट नाही, फोन घेण्याची अट नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत नल्लवाडू गावच्या सिंगापूरला असलेल्या एका माणसाने फोन करून कळवले, आणि त्याच केंद्राच्या भोंग्यावरून गावाला पळायला सांगितले. गाव वाचले. आपली जुनी दवंडीच ती, फक्त दवंडी पिटणाऱ्याला आता दूरचे दिसू लागले आहे.

सरकार तार टाकते आहे. २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना तार जोडायचे ठरले, २०१५ ला त्याचे नाव भारतनेट झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटींचा आराखडा मंजूर झाला. तुमच्या पंचायतीत जाऊन पाहा, पेटी कुठे आहे आणि तिचा दिवा लागतो का. आमच्याकडच्या एका पंचायतीत ती कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे.

म्हणून या बैठकीपुढे ठराव मांडतो आहोत तो असा. हमीभावाच्या खरेदीला ॲप असू द्या, पण ॲपवर नाव नाही म्हणून आलेला माल परत पाठवायचा नाही. केंद्रावर कागदावर नोंद करून घ्यायची. ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो करतो, त्याच्या मालाला दार हवे. प्रत्येक खरेदी केंद्राने रोजच्या गाडीगणिक ओलावा आणि लावलेला भाव सर्वांना पाहता येईल असा जाहीर करायचा. सातबारा आमचा उघडा, मग काटा तुमचा का झाकलेला? आणि आयात-निर्यातीचा जो निर्णय घ्यायचा तो पेरणीआधी सांगायचा, कापूस फुटल्यावर नव्हे.

सरकार हे ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर जे आपल्या हातात आहे ते या दिवाळीच्या आत करायचे आहे. प्रत्येक गावातून एक मुलगा किंवा मुलगी, दहावी झालेली चालेल, आज नाव देऊन जाईल. रोज संध्याकाळी खंडीचा भाव, सरकीचा भाव आणि जवळच्या तीन बाजारांतला कापसाचा भाव पाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचा. जिथे भोंगा असेल तिथे वाचून दाखवायचा. आणि ज्यांचा कापूस विकून झाला त्यांनी पट्टी फेकून न देता तारीख, वजन, भाव आणि ओलावा त्या पोराच्या वहीत उतरवून द्यायचा. पन्नास गावांच्या वह्या पुढच्या बैठकीत एकत्र ठेवू. मग कोणत्या काट्यावर कोणत्या दिवशी काय झाले, हे आपल्याला कोणत्याही कंपनीला विचारावे लागणार नाही. आणि दोन-चार गावांनी मिळून एक ट्रक भरायचा असेल तर तो कुठल्या जिनिंगला वळवायचा, हे त्याच वहीवरून ठरेल.

नावे घ्यायला दरवाज्याजवळ टेबल ठेवले आहे. मायबहिणींनी आधी यावे. मागच्या वेळी पुरुषांनीच रांग अडवली होती.